महापालिकेचा आरोग्य विभाग वर्षभर करतो तरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न नागरिकांकडून पुन्हा पुन्हा येतात. त्यातले बहुतेक जुलै ते ऑक्टोबर या काळात येतात, म्हणजे नेमके त्या वेळी, जेव्हा उत्तर ऐकून करण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणून ते एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या महापालिकांना धरून आहेत. गावांत आणि छावणी भागांत फरक पडतो, तो प्रश्न १७ मध्ये सांगितला आहे.

१. आरोग्य विभाग म्हणजे महापालिकेचे दवाखानेच ना?

दवाखाने हा त्याचा एक भाग झाला. आजारी माणसाला बरे करणे हे एक काम आणि शंभर माणसे आजारी पडू नयेत हे दुसरे. विभागाचा दुसऱ्या कामावरचा वेळ लोकांना दिसत नाही. लसीकरण, डासनियंत्रण, साथरोगांचे सर्वेक्षण, पाण्याचे नमुने, जन्म-मृत्यू नोंदणी, क्षयरोग आणि कुष्ठरोगाचे रुग्ण शोधणे, खासगी रुग्णालयांची व सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी आणि तपासणी हे सगळे याच छताखाली येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. मुंबईला वेगळा, १८८८ चा कायदा लागू आहे.

एक गोंधळ कायम होतो. कचरा उचलला नाही म्हणून लोक आरोग्य विभागाला फोन लावतात. मोठ्या महापालिकांत घनकचरा व्यवस्थापन हा आता स्वतंत्र विभाग आहे. तुमच्या भागातल्या सफाईच्या हजेरीकोठीला अजून 'आरोग्य कोठी' म्हणत असले, तरी कचऱ्याची तक्रार घनकचऱ्याकडेच जाते.

२. विभागाचे वर्ष जानेवारीत सुरू होते की एप्रिलमध्ये?

कागदावर १ एप्रिलला. कामाच्या दृष्टीने ते पावसाळ्याच्या आधी दोन-तीन महिने सुरू व्हायला हवे, आणि घोडे इथेच पेंड खाते. अंदाजपत्रक मंजूर होऊन नवे वर्ष एप्रिलमध्ये लागते. अळीनाशक, धूरफवारणीची औषधे, चाचण्यांचे संच, कंत्राटी कर्मचारी यांच्या निविदा त्यानंतर निघाल्या, तर कार्यादेश हातात पडेपर्यंत जून उजाडतो. ज्या महापालिकेत या निविदा जानेवारी-फेब्रुवारीत निघतात तिथला पावसाळा बरा जातो. आपल्या नगरसेवकाला विचारायचा प्रश्न 'फवारणी कधी?' हा नाही. 'औषधाची निविदा कधी निघाली?' हा आहे.

३. मग कोणत्या महिन्यात काय चालते?

३० जानेवारीला कुष्ठरोग निर्मूलन दिन असतो. त्याला जोडून 'स्पर्श' जनजागृती अभियान चालते आणि फिकट, बधिर चट्टे असलेल्यांना तपासणीला बोलावले जाते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे जंतनाशक दिन. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत किंवा अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी. स्थानिक कारणाने तारीख कधी पुढेमागे होते. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांसाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा एक फेरी ठेवतात, ही गोष्ट शाळा पालकांना क्वचितच सांगतात.

२४ मार्च हा क्षयरोग दिन. तोवर ऊन चढलेले असते. सपाटीवर कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. विदर्भातल्या महापालिकांना याची तयारी मार्चमध्येच करावी लागते: उष्माघात कक्ष, ओआरएस, बागांच्या वेळा वाढवणे.

एप्रिल-मे हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित काळ. गेल्या वर्षीचे रुग्ण कुठल्या गल्ल्यांत सापडले ते काढायचे, बांधकामांना नोटिसा द्यायच्या, गळक्या जलवाहिन्यांची यादी पाणीपुरवठ्याकडे द्यायची. जून हा हिवताप प्रतिरोध महिना आणि जुलै डेंग्यू प्रतिरोध महिना म्हणून पाळतात. जुलै ते ऑक्टोबर पावसाळी आजारांचा काळ. त्यातच आषाढी वारी आणि गणेशोत्सवाची वैद्यकीय पथके येतात. डेंग्यू पाऊस ओसरतानाही वाढत राहतो, त्यामुळे दिवाळीपर्यंत निवांतपणा नसतो. नोव्हेंबरच्या अखेरीस पुरुष नसबंदी पंधरवडा (प्रतिसाद दरवर्षी यथातथाच), १ डिसेंबरला एड्स दिन, आणि पुन्हा अंदाजपत्रकाचे आकडे. लसीकरण आणि नोंदणी मात्र बाराही महिने.

४. आमच्या गल्लीत धूरफवारणी का होत नाही? बाजूच्या प्रभागात तर रोज गाडी फिरते.

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. धुराने फक्त त्या क्षणी हवेत उडणारे प्रौढ डास मरतात. अळ्यांना आणि अंड्यांना काही होत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरात, पडद्यामागे, पलंगाखाली बसतो आणि दिवसा चावतो. रस्त्यावरून धूर सोडत गाडी गेली आणि लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, तर रस्त्यावरची माणसे तेवढी खोकतात.

नियमाप्रमाणे धूरफवारणी रुग्ण सापडल्यावर त्याच्या घराभोवती करायची असते, म्हणजे विषाणू घेऊन फिरणारा डास मारायचा. खरे काम कंटेनर सर्व्हेचे. कर्मचारी घरोघर जाऊन पाण्याची भांडी तपासतो, अळ्या दिसल्या तर पाणी ओतायला लावतो किंवा अळीनाशक टाकतो. वापरात नसलेल्या विहिरी आणि कारंज्यांत गप्पी मासे सोडतात. एडिसचा अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायची. घासायची अशासाठी, की अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाण्याशिवायही कित्येक महिने तग धरतात.

बाजूच्या प्रभागात रोज गाडी फिरते त्याचे कारण बहुधा निवडणूक किंवा आग्रही नगरसेवक. गाडी दिसते, फोटो निघतो. ड्रमात वाकून बघणाऱ्या कर्मचाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

५. घरात अळ्या सापडल्या तर दंड होतो का?

होऊ शकतो. आधी नोटीस, मग दंड, आणि बांधकाम व्यावसायिकांच्या बाबतीत खटलाही. रक्कम प्रत्येक महापालिकेत वेगळी असते. मात्र कर्मचाऱ्याला दारातूनच परत पाठवणारी घरे उच्चभ्रू सोसायट्यांत जास्त असतात. शोभेच्या कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरच्या टाकीचे उघडे झाकणही तिथेच सापडते.

६. आमच्या सोसायटीत डेंग्यूचे बरेच रुग्ण आहेत, पण महापालिकेच्या आकड्यात अगदी थोडे. आकडे लपवतात का?

कधी कधी उशिरा कळवले जातात, हे खरे. पण मोठा फरक व्याख्येचा असतो. खासगी प्रयोगशाळेत बहुतेकदा रॅपिड कार्डवर चाचणी होते. राष्ट्रीय कार्यक्रमात ती पुष्टी मानली जात नाही आणि रुग्ण 'संशयित' राहतो. एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीत एनएस१ (विषाणूचे प्रथिन) किंवा आयजीएम (त्याविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडे) सापडले तरच तो 'निश्चित' रुग्ण. एनएस१ तापाच्या पहिल्या पाच दिवसांत सापडते, आयजीएम त्यानंतर. म्हणून दोन आकडे मागा: संशयित किती, निश्चित किती. नुसता निश्चित रुग्णांचा आकडा छापणारी बातमी अर्धीच असते.

रुग्णाने स्वतः कुठे अर्ज करायचा नसतो. कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची आणि प्रयोगशाळेची. तरीही प्रभागाच्या आरोग्य केंद्रात पत्ता कळवलात, तर कंटेनर सर्व्हे लवकर होतो.

७. साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलो. लेप्टोची गोळी घ्यावी का?

मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने जीव घेतले, तेव्हापासून पावसाळ्यात हा सल्ला दिला जातो. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतले जंतू पायावरच्या जखमेतून शिरतात. पाण्यातून गेल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, महापालिकेच्या दवाखान्यातही चालेल. प्रतिबंधक म्हणून सहसा डॉक्सिसायक्लिन देतात, पण गर्भवतींना आणि लहान मुलांना दुसरे औषध लागते. म्हणून शेजाऱ्याकडची उरलेली गोळी घेऊ नका.

८. नळाला गढूळ पाणी येते. तक्रार आरोग्याकडे करायची की पाणीपुरवठ्याकडे?

दोन्हीकडे, पण वेगवेगळ्या कारणासाठी. वाहिनी दुरुस्त करणे पाणीपुरवठ्याचे काम. नमुना घेऊन पाणी पिण्यायोग्य आहे का हे पाहणे आणि त्या भागात जुलाब-काविळीचे रुग्ण शोधणे आरोग्याचे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे लागते. ही तपासणी, म्हणजे ओटी टेस्ट, जागच्या जागी होते आणि थेंब टाकल्यावर पाणी पिवळे पडते. जंतूंच्या तपासणीला एक-दोन दिवस लागतात. पाणी स्वच्छ दिसते म्हणून क्लोरीन असेलच असे नाही.

९. बाळाची लस चुकली. आता पहिल्यापासून सगळे डोस घ्यावे लागतील का?

नाही. जिथे थांबलात तिथून पुढे. मात्र काही लसींना वयाची कड आहे. हिपॅटायटिस-बीचा जन्माचा डोस २४ तासांच्या आतच देतात. बीसीजी आणि रोटाव्हायरसचा पहिला डोस एक वर्षापर्यंत देता येतो. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस) एक वर्षाच्या आत सुरू केली नसेल, तर त्यानंतर डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरची लस) देतात. गोवर-रुबेला ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत, पण राहून गेला तर पाच वर्षांपर्यंत मिळतो. 'वेळ गेली, आता काय उपयोग' म्हणून आरोग्यसेविकेला तोंड न दाखवणारे पालक बरेच असतात. ती ओरडेल कदाचित, पण लस देईल.

पत्ता दुसऱ्या गावचा असला तरी लस मिळते. रेशनकार्ड लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असावे, हरवले असेल तरी या.

१०. पोलिओ देशातून गेला ना? मग दर वर्षी डोस कशाला?

भारतातला शेवटचा वन्य पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे. तो परत येऊ शकतो, म्हणून पाच वर्षांखालील मुलांना मोहिमेतला डोस द्यायचा, नियमित डोस झालेले असले तरीही.

११. जन्माची नोंद किती दिवसांत आणि कुठे करायची?

जिथे जन्म झाला तिथे. सासर पुण्यात आणि बाळंतपण माहेरी सोलापुरात झाले, तर नोंद सोलापूरला. यात इतक्या जणांच्या खेपा वाया जातात की हे वाक्य प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लिहायला हवे. रुग्णालयातल्या जन्माची माहिती रुग्णालयच पाठवते. घरी झाला तर कुटुंबाने कळवायचे.

मुदत २१ दिवस. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून. तीस दिवस ते एक वर्ष या काळात जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते. एक वर्षानंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तिथे पुरावे बारकाईने पाहतात. १९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट वगैरेसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. तेव्हा आळस महागात पडेल.

१२. बारसे उशिरा झाले, दाखल्यावर बाळाचे नाव नाही. आता?

घाबरू नका. पहिल्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क चढवता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. मात्र एकदा चढवलेले नाव आवडले नाही म्हणून बदलता येत नाही. दुरुस्ती फक्त चुकीची होते. पत्रिका, आत्या, आजी सगळ्यांचे एकमत झाल्यावरच अर्ज करा.

१३. कुत्रा चावला. आधी कुठे जायचे? आणि तो कुत्रा महापालिका उचलून नेईल का?

आधी नळाखाली. जखम साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. मग त्याच दिवशी रेबीजची लस. महापालिकेच्या दवाखान्यात सहसा ती त्वचेत देतात: पहिल्या दिवशी, आणि तो शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघाले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते. ते सगळ्या दवाखान्यांत नसते, म्हणून आधी विचारून मोठ्या रुग्णालयात जा. कुत्र्याचा आणि आपला परिचय असला तरीही जा.

कुत्र्याचे उत्तर वेगळ्या खात्याकडे आहे. बऱ्याच महापालिकांत पशुवैद्यकीय विभाग हे काम पाहतो. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला पकडले तिथेच सोडायचे असते. कानाला खाच दिसली तर नसबंदी झालेली आहे असे समजा. अपवाद असा: नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतून उचललेले कुत्रे परत तिथे सोडू नयेत असे निर्देश दिले. तक्रारीत जागा कोणती हे म्हणूनच स्पष्ट लिहा.

१४. हॉटेलात खाऊन विषबाधा झाली. आरोग्य विभाग हॉटेल बंद करील का?

अन्नाचा दर्जा, परवाना आणि भेसळ हे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. तक्रार तिकडे. एकाच ठिकाणी जेवलेले अनेक जण आजारी पडले असतील, तर महापालिकेच्या साथरोग कक्षालाही लगेच कळवा, कारण रुग्णांचे नमुने तो घेतो. उरलेले अन्न फेकू नका.

१५. खासगी रुग्णालयाने अवाच्या सवा बिल लावले. महापालिका काही करू शकते?

थोडेसे. शहरातल्या रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली महापालिका करते. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले. दरपत्रक लावलेलेच नाही, त्यापेक्षा जास्त आकारले, बिलासाठी मृतदेह अडवला, अशा तक्रारींवर आरोग्य विभागाला नोटीस देता येते. दर किती असावा हे तो ठरवत नाही. उपचारातल्या हयगयीचा प्रश्न वैद्यकीय परिषद किंवा ग्राहक आयोगाकडे जातो.

आणखी एक गोंधळ: 'सरकारी रुग्णालये मोफत झाली' हे १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांबाबत खरे आहे. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात येत नाहीत. तिथे शुल्क ज्याचे त्याचे.

१६. खासगी डॉक्टरकडे टीबीचे औषध चालू आहे. तरी महापालिकेची माणसे घरी का आली?

कारण मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. घरी येतात ते पंचनामा करायला नव्हे, घरातल्या इतरांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करायला. नोंद झाली की खासगी रुग्णालाही निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे क्षयरुग्णाच्या आहारासाठीचे, महिन्याला १,००० रुपये मिळतात (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते). शेजाऱ्यांना कळू नये असे वाटत असेल तर तसे सांगा आणि केंद्रावर भेटा. ही विनंती रास्त आहे आणि मानली जायला हवी.

आशाताई सर्वेक्षणाला आल्या तर माहिती द्या, ओळखपत्र जरूर पाहा. ओटीपी किंवा बँकेचा तपशील कुणी मागितला तर देऊ नका. आशाताईंना त्याची गरज नसते.

१७. आमचे गाव नुकतेच हद्दीत आले. आमचा आरोग्य विभाग कोणता?

सगळ्यात चिवट प्रश्न. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते, साधारण ३०,००० लोकसंख्येला एक, आदिवासी व डोंगरी भागात २०,०००. पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकणे ग्रामपंचायतीचे काम असते आणि पाण्याच्या जोखमीनुसार गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. गाव महापालिकेत आले की ग्रामपंचायत जाते, पण आरोग्य केंद्र आणि त्यातले कर्मचारी बराच काळ जिल्हा परिषदेकडेच राहतात. लस जुन्या केंद्रात मिळेल, डासांची तक्रार महापालिकेकडे आणि जुनी जन्मनोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात. ते दप्तर आता कुठे आहे हे क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारा. छावणी मंडळाच्या हद्दीत, जसे पुणे किंवा देवळाली, मंडळाचा स्वतःचा आरोग्य विभाग असतो.

१८. नवीनच साथ आली तर हे सगळे वेळापत्रक कोलमडते का?

कोलमडते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुईलेन बॅरे सिंड्रोम या हातापायांतले बळ घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही, पण पोटाच्या काही संसर्गांनंतर तो होतो, आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडले. सिंहगड रस्ता परिसरात घरोघर सर्वेक्षण, पाण्याचे नमुने आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे रुग्णांचे नमुने पाठवणे हे सगळे त्याच आरोग्यसेविका आणि कर्मचाऱ्यांनी केले, ज्यांच्याकडे नेहमीची कामे होती. अशा वेळी नियमित लसीकरणाची एखादी फेरी चुकते. तुमच्या भागात तसे झाले असेल तर प्रश्न ९ पाहा.

१९. तक्रार केली, पण कुणी फिरकले नाही. पुढे काय?

तोंडी तक्रारीला आयुष्य नसते. ॲपवर किंवा लेखी देऊन क्रमांक घ्या. जन्मदाखल्यासारख्या अधिसूचित सेवेला उशीर झाला, तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. डास, पाणी अशा बाबतींत प्रभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, मग आरोग्यप्रमुखांना लिहा. त्यानेही हलले नाही तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: तुमच्या प्रभागात गेल्या तीन महिन्यांत कंटेनर सर्व्हे कोणत्या तारखांना झाला, किती घरांत अळ्या सापडल्या, आणि पाण्याच्या किती नमुन्यांत क्लोरीन कमी आढळले. 'काय कारवाई केली?' असे मोघम विचारलेत तर 'नियमानुसार कार्यवाही सुरू आहे' एवढेच उत्तर येते.